दिवा कोणाचा, तेल कोणाचे

हेदवीच्या किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळाला एक खोल भेग गेलेली आहे. तिला बामणघळ म्हणतात. ओहोटीला पाहिले तर त्यात विशेष काही नाही. काळा कातळ, तळाशी थोडे पाणी, कडेला शेवाळ. भरती चढू लागली की समुद्र त्या घळीत शिरतो. पुढे जागा संपते, मागचे पाणी रेटत राहते आणि मग सगळा लोट दणका देत वर उसळतो. पावसाळ्यातल्या उधाणाला तर जवळ उभे राहण्याची सोय नाही. गंमत अशी की दहा वावांवर, मोकळ्या दर्यात, तेच पाणी संथ हेलकावत असते. पाणी तेच, फक्त त्याची जागा आवळलेली. आपल्या भाषेत दोन भूभागांमधल्या अशा आवळलेल्या समुद्राला ‘सामुद्रधुनी’ म्हणतात. संस्कृतात धुनी म्हणजे नदी. शब्द घडवणाऱ्याने नेमके पाहिले होते: समुद्र अरुंद झाला की तो नदीसारखा वागतो. त्याला काठ येतात, ओढ येते, गाळ येतो आणि काठ आले की काठावरचे मालकही येतात.

हे पुस्तक अशा समुद्रातल्या नद्यांविषयी आहे. त्यांतून जाणारी जहाजे एकमेकांवर आदळू नयेत, रुतू नयेत, बुडू नयेत म्हणून देशांनी आपसांत काय काय जमवले आणि काय जमवता आले नाही, याविषयी. विषय कोकणातल्या वाचकाला दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. हेदवीच्या दक्षिणेला शास्त्री नदीच्या मुखाशी जयगड आहे. तिथल्या बंदरात मोठी मालवाहू जहाजे लागतात आणि शेजारी परदेशी कोळशावर चालणारे वीजकेंद्र आहे. उत्तरेला वाशिष्ठीच्या मुखाजवळ दाभोळचे द्रवरूप वायूचे टर्मिनल आहे. इंडोनेशियातून निघालेला कोळसा असो की इराणच्या आखातातून निघालेला वायू, कुठल्या ना कुठल्या चिंचोळ्या पाण्यातून पार झाल्यावाचून तो या किनाऱ्याला लागत नाही. शिवाय माणसे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात ‘मुलगा बोटीवर असतो’ हे वाक्य ‘मुलगा मुंबईला असतो’ इतक्याच सहजतेने उच्चारले जाते. जुलै २०१९ मध्ये होर्मुझच्या सामुद्रधुनीत इराणने ‘स्टेना इम्पेरो’ हे टँकर ताब्यात घेतले, तेव्हा त्यावरच्या २३ जणांपैकी १८ भारतीय होते. एप्रिल २०२४ मध्ये ‘एमएससी एरीज’ ताब्यात घेतले गेले, तेव्हा २५ पैकी १७. झेंडा एका देशाचा, मालकी दुसऱ्याची, माल तिसऱ्याचा आणि जीव मात्र आपल्या लोकांचा, असा हा हिशेब आहे.

चिंचोळ्या पाण्याचा इतिहास सुरक्षिततेपासून सुरू होत नाही, तो जकातीपासून सुरू होतो. जिथून सगळ्यांना जावेच लागते तिथे नाका बसतो, हे घाटातही खरे आणि समुद्रातही. डेन्मार्कच्या राजाने बाल्टिकच्या तोंडाशी, हेल्सिंगोरजवळ, पंधराव्या शतकापासून जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांकडून कर घेतला. तो बंद व्हायला १८५७ साल उजाडले आणि त्यासाठी इतर देशांना एकरकमी भरपाई मोजावी लागली. आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाचे परवाने चालवले. ते नसलेले गलबत म्हणजे लुटीचा माल. मराठ्यांच्या आरमाराने त्याला दस्तकाने उत्तर दिले आणि कान्होजी आंग्र्यांच्या काळात कोकणच्या पाण्यात कोणाचा कागद चालतो, हाच राजकारणाचा मुख्य प्रश्न झाला. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेताच मुंबईचे इंग्रज इतके बेचैन का झाले, हे नकाशा पाहिला की कळते. ते बेट मुंबईच्या दाराशी आहे. त्याच खांदेरीवर १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले. एकाच खडकावर आधी तोफ आणि मग दिवा, हा क्रम जगातल्या बऱ्याच अरुंद पाण्यांना लागू पडतो.

या विषयाकडे पाहणारे विद्वान ढोबळमानाने तीन घराण्यांचे आहेत. पहिले घराणे कायदेपंडितांचे. डच ग्रोशियसने १६०९ मध्ये समुद्र कोणाचाच नाही असे मांडले, इंग्रज सेल्डनने १६३५ मध्ये तो कोणाचा तरी असू शकतो असे उत्तर दिले, आणि तेव्हापासून हा वाद कमीजास्त त्याच दोन पायांवर चालत आला आहे. कॉर्फूच्या खाडीत सुरुंगांनी ब्रिटिश युद्धनौकांवरचे ४४ खलाशी मेले, त्या खटल्यात १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितले की किनाऱ्याच्या देशाला आपल्या पाण्यातला धोका माहीत असेल तर तो सांगणे त्याचे कर्तव्य आहे. मला हे वाक्य साऱ्या कायद्यातले सर्वांत उपयोगी वाटते, कारण त्यात हक्काची नव्हे, खबर देण्याची गोष्ट आहे. पुढे देशांची सागरी हद्द तीन मैलांवरून बारा मैलांवर गेली आणि जगातल्या शंभरावर सामुद्रधुन्या एकदम कोणाच्या ना कोणाच्या हद्दीत आल्या. १९८२ च्या सागरी कायदा कराराने त्यावर तोडगा काढला: हद्द तुमची, पण पार जाण्याचा हक्क सगळ्यांचा, आणि तो तुम्ही रोखायचा नाही. भारताने हा करार १९९५ मध्ये मंजूर केला. इराणने सही केली, मंजुरी दिली नाही. होर्मुझच्या प्रत्येक तंट्यात हा फरक डोके वर काढतो.

दुसरे घराणे नाविक आणि अभियंत्यांचे. त्यांना हद्दीशी घेणे नाही. जहाज थांबायला किती मैल लागतात याच्याशी आहे. भरलेले महाकाय टँकर इंजिन बंद करून जागच्या जागी थांबत नाही, कित्येक किलोमीटर पुढे सरकत राहते. तेव्हा समोरासमोर येणेच टाळले पाहिजे, हा त्यांचा सरळ विचार. डोव्हरच्या सामुद्रधुनीत १९६७ मध्ये येण्याचा मार्ग वेगळा आणि जाण्याचा वेगळा, अशी आखणी झाली. पण ती ऐच्छिक होती. जानेवारी १९७१ मध्ये उलट्या मार्गाने आलेले एक जहाज ‘टेक्साको कॅरिबियन’ या टँकरवर आदळले आणि टँकर बुडाले. दुसऱ्या दिवशी ‘ब्रँडेनबर्ग’ त्याच्या सांगाड्यावर आपटून बुडाले. त्या जागेवर खुणेचे दिवे लावले गेले, तरी फेब्रुवारीच्या अखेरीस ‘निकी’ नावाचे जहाज तिथेच गेले आणि त्यावरचे एकही माणूस वाचले नाही. तीन जहाजे, ५१ जीव. दिवा होता, नकाशा होता, रेघही आखलेली होती. ती पाळायची सक्ती आणि चुकणाऱ्याला हाक मारणारा कोणी, एवढेच नव्हते. १९७२ च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांनी मार्गविभाजन बंधनकारक केले, ते १९७७ मध्ये लागू झाले आणि रडारवर बसून जहाजांना हाका मारणारी केंद्रे उभी राहू लागली.

तिसरे घराणे सुरक्षावाद्यांचे. त्यांच्या नकाशावर सामुद्रधुनी म्हणजे नरडे, आणि प्रश्न एकच: ते कोणाच्या मुठीत. वर्तमानपत्रांत याच घराण्याचा आवाज मोठा असतो. ते चूक आहेत असे नाही, पण त्यांच्या हिशेबात वर्षाचे तीनशे साठ दिवस गळतात. त्या दिवसांत कोणी कोणाचे नरडे धरलेले नसते. जहाजे रांगेने जात असतात आणि बोया जागेवर आहे की नाही, एवढ्यावर सारे अवलंबून असते.

माझे म्हणणे या तिन्ही घराण्यांपेक्षा जरा घरगुती आहे. अरुंद पाण्यातली सुरक्षितता हा मुळात देखभालीचा प्रश्न आहे. करार होतात, नौदले फिरतात, पण जहाज वाचते ते जळणाऱ्या दिव्याने, नव्याने मोजलेल्या खोलीने आणि वेळेवर मिळालेल्या हाकेने. या तिन्हींना दरवर्षी पैसा लागतो. फायदा वाटेने जाणाऱ्याचा आणि खर्च काठावरच्याचा, अशी ही अडचण आहे. सहकार्याचा सारा इतिहास म्हणजे तिची सोडवणूक करण्याची धडपड. १८६५ मध्ये जिब्राल्टरच्या तोंडाशी मोरोक्कोतल्या केप स्पार्टेलच्या दीपगृहासाठी अमेरिकेसह अनेक देशांनी मिळून करार केला, की दिवा मोरोक्कोच्या भूमीवर, खर्च जहाजे चालवणाऱ्या देशांचा. साम्राज्ये आपसांत भांडत असताना हा तेलाचा हिशेब विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला. संयुक्त राष्ट्रसंघ नव्हता, सागरी संघटना नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

यावर सर्वांत मोठा आक्षेप काठावरच्या देशांचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज जो तेल घालतो तो उद्या दिव्यावर हक्क सांगतो, असे ते म्हणतात. सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या पूर्व तोंडाशी पेद्रा ब्रांका नावाचा खडक आहे. त्यावर १८५१ मध्ये हॉर्सबर्ग दीपगृह पेटले. ईस्ट इंडिया कंपनीच्या जलनकाशाकाराच्या स्मरणार्थ व्यापाऱ्यांनी काढलेल्या वर्गणीतून ती कल्पना निघाली होती. मुंबईहून कापूस आणि अफू घेऊन कँटनला जाणाऱ्या जहाजांची हीच वाट होती. पुढे दीडशे वर्षांनी हा खडक मलेशियाचा की सिंगापूरचा, यावर खटला उभा राहिला. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो सिंगापूरला दिला, आणि तिथला कारभार इतकी वर्षे कोणी चालवला, कोणी गप्प बसून पाहिले, याला त्या निकालात मोठे वजन होते. दिव्याची राखण शेवटी मालकीच्या पुराव्यात जमा झाली. हे पाहिलेल्या देशाला ‘आम्ही मदतीला येतो’ म्हणणारे परके जहाज संशयास्पद वाटले तर त्यात नवल नाही.

म्हणूनच मलाक्काची व्यवस्था बारकाईने पाहण्याजोगी आहे. वर्षाला ऐंशी हजारांहून अधिक जहाजे जाणारी ही वाट फिलिप वाहिनीपाशी जेमतेम दीड सागरी मैल रुंद होते. तिच्यातल्या एका उथळ जागेचे इंग्रजी नाव आपल्या बोलीत सांगायचे तर ‘एक वाव पाण्याची वाळूपट्टी’. तांडेलाला याहून जास्त समजावून सांगावे लागत नाही. जानेवारी १९७५ मध्ये ‘शोवा मारू’ हे जपानी टँकर सिंगापूरजवळ रुतले आणि तेल सांडले. इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर यांनी तज्ज्ञांचा संयुक्त गट बसवला. त्यातून मार्गविभाजन आले आणि जहाजाच्या तळाखाली किमान साडेतीन मीटर पाणी हवे हा नियम आला. तेलासाठी याच वाटेवर विसंबलेल्या जपानने मोजणी आणि दिव्यांचा खर्च अनेक वर्षे उचलला, तोही बराचसा सरकारी तिजोरीतून नव्हे, तर बिगरसरकारी संस्थांमार्फत. ऑक्टोबर १९९७ मध्ये ‘इव्हॉइकॉस’ आणि ‘ओरापिन ग्लोबल’ यांची टक्कर होऊन साडेअठ्ठावीस हजार टन तेल समुद्रात गेले. डिसेंबर १९९८ पासून इथे वर्दी देणे सक्तीचे झाले. सारी सामुद्रधुनी नऊ टापूंत वाटलेली. जहाज टापूत शिरले की रेडिओवर आपले नाव, खूण, ठिकाण आणि धोकादायक माल असेल तर तो सांगायचा. आधी मलेशियाचे केंद्र ऐकते, मग सिंगापूरचे. जहाज एका देशाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात सोपवले जाते, आणि मधल्या रेषेवर कोणी हद्दीचा वाद काढत नाही.

२००७ मध्ये या साऱ्याला ‘सहकार्य यंत्रणा’ असे रूप आले. सागरी कराराचे ४३ वे कलम सांगते, की वापरणारे आणि काठावरचे यांनी मिळून वाटेच्या सोयी राखाव्यात. जगात हे कलम इतक्या पद्धतशीरपणे राबवणारी ही पहिलीच जागा. दिव्या-बोयांसाठी निधी आहे. त्यात जपान, चीन, दक्षिण कोरिया, संयुक्त अरब अमिराती यांच्याप्रमाणे भारतानेही पैसे घातले आहेत. पण बोया बसवणारा, रंगवणारा, बदलणारा हात त्या तीन देशांचाच. पैसा बाहेरचा आणि हात घरचा, ही वाटणी पेद्रा ब्रांकाच्या भीतीवरचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उत्तर आहे. उणीव एकच आणि ती मोठी आहे: वर्गणी ऐच्छिक आहे. रोज या वाटेने कमावणाऱ्या कंपन्यांपैकी फारच थोड्यांचा हात खिशाकडे जातो.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळे शांततेचे चोचले; युद्ध पेटले की बोयाला कोण विचारतो? नोव्हेंबर २०२३ पासून बाब-अल-मंदेबच्या परिसरात जहाजांवर क्षेपणास्त्रे पडू लागली आणि शेकडो जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा वर्दीची पद्धत कोणाला वाचवू शकली नाही. ‘मार्लिन लुआंडा’ या टँकरला आग लागली तेव्हा मदतीला गेली ती आयएनएस विशाखापट्टणम. हे मान्यच करावे लागेल. देखभाल युद्ध थांबवत नाही. पण युद्धातही सारी चौकट मोडून पडते, असे मात्र दिसत नाही. १९८० च्या दशकात इराण-इराक युद्धात चारशेहून अधिक जहाजांवर हल्ले झाले, तरी होर्मुझमधली ये-जा बंद पडली नाही. १९३६ च्या माँत्रो कराराखाली बॉस्फरसने एक महायुद्ध आणि एक शीतयुद्ध पाहिले, आणि १९९४ मध्ये तिथे मार्गविभाजन आले ते कोणाच्या आरमाराच्या दबावाने नव्हे, तर टँकरच्या आगींनी इस्तंबूलकर धास्तावले म्हणून. भांडण मिटले की परतायला जी वाट लागते, ती कोणीतरी मधल्या काळात झाडून ठेवलेली असावी लागते.

सुरक्षावाद्यांच्या बाजूचा सर्वांत बोलका दाखला मात्र मुंबईचा आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे ॲल्युमिनियम घेऊन निघालेले जपानी मालकीचे जहाज इंडोनेशियाच्या पाण्यात चाच्यांनी पळवले, त्यावरच्या सतरा खलाशांना तराफ्यावर सोडून दिले आणि नाव बदलून ते अरबी समुद्रात आणले. क्वालालंपूरच्या चाचेगिरी-वर्दी केंद्राच्या खबरेवरून आपल्या तटरक्षक दलाने आणि नौदलाने पाठलाग करून नोव्हेंबरात ते पकडले. पंधरा आरोपी मुंबईच्या सत्र न्यायालयात उभे राहिले, २००३ मध्ये दोषी ठरले आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयात सुटले. समुद्री चाचेगिरीचा स्वतंत्र कायदाच आपल्याकडे नव्हता. तो २०२२ मध्ये आला. बंदुकांनी जहाज परत मिळाले, पण पुढचे काम कागदाचे होते आणि कागद तयार नव्हता. जपानच्या पुढाकाराने २००६ मध्ये आशियातली चाचेगिरीविरोधी खबर-वाटणीची व्यवस्था सुरू झाली, भारत तिचा पहिल्यापासूनचा सभासद. मलाक्काच्या दोन्ही काठांचे इंडोनेशिया आणि मलेशिया मात्र तिच्यात आले नाहीत. दिव्याची भीती खबरेलाही लागते ती अशी.

तिसरा आक्षेप तरुणांचा: उपग्रह असताना दीपगृह कशाला? त्याला उत्तर द्यायला फार शब्द लागत नाहीत. आखातात आणि इतरत्र उपग्रहाचे संकेत दडपण्याचे व खोटे पाठवण्याचे प्रकार इतके वाढले, की पडद्यावर जहाजे विमानतळावर उभी दिसू लागली. खडकावरचा दिवा कोणी दुसरीकडे हलवून दाखवू शकत नाही.

चौथा आक्षेप कोणी फारसा मांडत नाही, कारण ज्यांचा तो आहे ते परिषदेला नसतात. नियमांचा कल मोठ्या जहाजाकडे आहे. मार्गातून जाणाऱ्या जहाजाला मासेमारी नौकेने अडथळा करू नये, असे दहावा नियम सांगतो. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे, तीनशे मीटरचे जहाज वळणार नाही, होडीच वळेल. पण जाळे टाकलेली होडी तरी कुठे चटकन वळते? ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईच्या बंदरवाटेवर, सकाळच्या उजेडात, ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ यांची टक्कर झाली. सुमारे आठशे टन तेल सांडले, कंटेनर तरंगत रायगडच्या किनाऱ्याला लागले, बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. पण सर्वांत आधी चूल विझली ती मासे विकणाऱ्यांची. लहान बोटींचा आणि खबरेचा संबंध तर या किनाऱ्याने फार महागात शिकला आहे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. जे वाचून किनाऱ्याला लागले त्यांच्याकडून मुंबईला कळले. १८ डिसेंबर २०२४ ला ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, तीही त्याच गजबजलेल्या पाण्यात. ऑगस्ट २०२० पासून नैर्ऋत्य भारताच्या समुद्रात मालवाहू जहाजांचे मार्ग मच्छीमारीच्या टापूंपासून वेगळे आखले गेले, हे योग्य दिशेचे पाऊल आहे. त्या आखणीची खबर तांडेलापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचवायला हवी.

त्या भाषेसाठीच हा संग्रह आहे. मराठीत दर्यावर्दींच्या आठवणी आहेत, आरमाराचा इतिहास भरपूर आहे, पण ज्या नियमांखाली आपली माणसे रोज बोटीवर उभी असतात त्यांची उकल करणारे लेखन तुरळक आहे. इथले लेख एका मताचे नाहीत. काही लेखक वाटेवर सरळ पट्टी बसवावी या मताचे आहेत, काहींना ती जुन्या जकातीचेच पुनरागमन वाटते. मी पहिल्यांच्या बाजूला झुकतो, पण दुसऱ्यांचे लेख अधिक चांगले लिहिलेले आहेत, हे कबूल केले पाहिजे. संपादनात एक नियम कसोशीने पाळला: जिथे कोळी, खारवी आणि दालदी यांच्या बोलीत शब्द आहे तिथे तोच वापरायचा. खोली मीटरांत दिली आहे, पण शेजारी वावही दिले आहेत. सामुद्रधुन्यांचे नकाशे एकाच प्रमाणात छापले आहेत, म्हणजे बॉस्फरसची सातशे मीटरांची मान आणि होर्मुझचे तेहेतीस किलोमीटर शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतील. शेवटचा नकाशा त्याच प्रमाणात जयगडच्या खाडीच्या मुखाचा आहे. त्यावर तवसाळची फेरीबोट ज्या रेषेने खाडी ओलांडते ती तुटक रेषेने दाखवली आहे, आणि बंदरात शिरणाऱ्या जहाजांची रेषा अखंड.

हेदवी, ता. गुहागर